मेकॅनिकसमोर न येणारा दोष

अमेरिकेतल्या एखाद्या महामार्गावर १९९० च्या दशकातला फोर्डचा एफ-२५० पिकअप ट्रक मागे ट्रेलर ओढत निघालेला असतो. तासभर सगळं सुरळीत चालतं. मग अचानक गिअर धाडकन बदलतो, इंजिनाचा आवाज पालटतो आणि ‘ओव्हरड्राइव्ह ऑफ’चा छोटा दिवा उघडझाप करू लागतो. चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करतो. दिवा गेलेला असतो, गिअर नीट पडत असतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडी फिरवून आणतो आणि सांगतो, ‘हिला काहीच झालेलं नाही.’

या वाक्यानंतर सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. गाडी तशीच परत जाते आणि आठवड्याभरात पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी राहते. नाहीतर ‘गिअरबॉक्स खोलूनच बघू’ असा निर्णय होतो, हजारो डॉलर खर्च होतात आणि नव्यानं बांधलेल्या गिअरबॉक्ससह तोच दिवा पुन्हा लुकलुकू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कारण अशा दुखण्याचं मूळ बऱ्याच वेळा गिअरबॉक्सच्या पोटात नसतंच. ते बाहेर, एखाद्या हिरवट पडलेल्या पिनमध्ये, चिरलेल्या तारेत किंवा गंजलेल्या अर्थच्या बोल्टखाली असतं.

अधूनमधून येणारा दोष लहरी वाटतो, पण लहरी नसतो. तो ठरावीक परिस्थितीतच येतो. ती परिस्थिती कोणती, हे आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच. म्हणून अशा निदानात पहिला प्रश्न ‘कोणता भाग खराब आहे?’ हा नसून ‘दोष नेमका केव्हा येतो?’ हा असतो. या प्रकरणात आपण एकच गिअरबॉक्स समोर ठेवून हे तपासकाम कसं चालतं ते पाहू: फोर्डची ई४ओडी.

तेलाचं काम, विजेचा हुकूम

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बळाचं काम तेल करतं. पंप तेलाला दाब देतो. तो दाब ज्या क्लचकडे वळवला जातो तो क्लच घट्ट होतो, आणि कोणते क्लच घट्ट आहेत यावरून ग्रहचक्रांच्या दात्यांमधून गिअर ठरतो. जुन्या काळी तेल कुठे वळवायचं हा निर्णयही तेलच घेई. १९६६ साली आलेल्या फोर्डच्या सी६ या तीन गिअरच्या पेटीत वेग ओळखायला फिरत्या वजनांचा गव्हर्नर होता आणि इंजिनावरचा भार ओळखायला व्हॅक्यूमवर चालणारी झडप होती. विजेचा संबंध जवळजवळ नव्हता.

१९८९ मध्ये फोर्डनं सी६ चाच दणकट सांगाडा घेऊन त्यात ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर बसवला आणि निर्णयाचं काम संगणकाकडे सोपवलं. तीच ही ई४ओडी. जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९९१ पासून ४एल८०-ई आणि १९९३ पासून ४एल६०-ई अशाच पद्धतीनं आल्या. आता वेग, थ्रॉटल, तेलाचं तापमान आणि गिअरची दांडी कुठे आहे याची माहिती सेन्सर संगणकाला देतात. संगणक त्यावरून सोलेनॉइडना वीज देतो किंवा तोडतो. सोलेनॉइड म्हणजे विजेनं उघडझाप होणारी झडप. ती तेलाची वाट बदलते.

ई४ओडीत असे पाच सोलेनॉइड एकाच ठोकळ्यात बसवलेले आहेत. दोन गिअर बदलण्यासाठी, एक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक करण्यासाठी, एक इंजिन ब्रेकिंगच्या क्लचसाठी आणि एक तेलाचा एकूण दाब ठरवण्यासाठी. या सगळ्यांना एका सामाईक तारेतून बारा व्होल्ट मिळतात, आणि संगणक ज्याला चालवायचं त्याची दुसरी बाजू अर्थला जोडतो. ही रचना लक्षात ठेवायला हवी. सामाईक तार हलली तर पाचही एकदम बंद पडतात. एकाची परतीची तार हलली तर फक्त तोच.

वीज गेली तर कोणता गिअर?

रस्त्यावर वीज गेली तरी गाडी जागीच अडकू नये, अशी सोय या पेट्यांच्या रचनाकारांनी करून ठेवली. गिअर बदलणाऱ्या दोन सोलेनॉइडना आपण पहिला आणि दुसरा म्हणू. ई४ओडीत पहिल्या गिअरसाठी पहिला चालू आणि दुसरा बंद असतो. दुसऱ्या गिअरसाठी दोन्ही चालू. तिसऱ्यासाठी पहिला बंद, दुसरा चालू. चौथ्यासाठी दोन्ही बंद.

आता या चार ओळींवरून काय काय कळतं पाहा. सगळी वीज गेली तर दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे दांडी ‘डी’वर असताना चौथा गिअर. शिवाय दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळाली नाही की तेलाचा दाब कमाल होतो. क्लच घसरून जळू नये म्हणून ही तजवीज आहे. तेव्हा गाडी सिग्नलवरून उठताना मरगळलेली, कारण ती चौथ्यात आहे. आणि ‘एन’मधून ‘डी’त टाकताना जोरदार दणका, कारण दाब कमाल आहे. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर क्लचवर संशय घेण्याआधी सामाईक तार, तिचा फ्यूज, रिले आणि गिअरबॉक्सवरचा मोठा कनेक्टर पाहावा.

फक्त पहिल्या सोलेनॉइडचं सर्किट तुटलं तर संगणक एक, दोन, तीन, चार असे हुकूम देतो. पण गाडीला मिळतात चौथा, तिसरा, तिसरा आणि चौथा. फक्त दुसऱ्याचं तुटलं तर मिळतात पहिला, पहिला, चौथा, चौथा. चालकाला वाटतं गिअरबॉक्स वेडी झाली. खरं तर ती दिलेल्या विजेप्रमाणे काटेकोर वागत असते. दोष आला त्या क्षणी कोणता गिअर कशानंतर पडला हे चालकानं नीट सांगितलं, तर गाडीखाली न जाताही संशयित एका तारेवर येतो.

हा क्रम प्रत्येक पेटीत वेगळा असतो. ४एल६०-ई वीज गेल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जाते, ४एल८०-ई दुसऱ्यात. एका कंपनीच्या पेटीचं लक्षण दुसऱ्या कंपनीच्या पेटीला लावलं तर निदान पहिल्याच पायरीवर चुकतं.

आधी कोड, मग बॅटरी

गाडी बिघडली की बॅटरीची तार काढून पुन्हा लावायची सवय अनेकांना असते. अशा दोषात ती सवय सर्वांत नुकसानीची. संगणकाला एक छोटी स्मृती असते आणि बॅटरी काढली की ती पुसली जाते. रस्त्यात घडलेल्या प्रसंगाचा एकमेव साक्षीदार आपण आपल्याच हातांनी घालवतो.

अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ ही दोषांचे कोड वाचण्याची सामाईक पद्धत सक्तीची झाली. त्याआधीच्या फोर्ड गाड्यांत ईईसी-४ हा संगणक होता. त्याचे कोड वाचायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिनाच्या कप्प्यातल्या तपासणीच्या कनेक्टरमध्ये तारेचा एक तुकडा योग्य दोन पिनांत जोडून चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझापीतून आकडे सांगतो. १११ म्हणजे सगळं ठीक. ६२१ आणि ६२२ म्हणजे गिअर बदलणाऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या सोलेनॉइडचं सर्किट. ६३४ म्हणजे गिअर दांडीच्या सेन्सरचा संकेत मर्यादेबाहेर. ४५२ म्हणजे वेगाचा संकेत मिळत नाही.

हे कोड दोन गटांत येतात: आत्ता या क्षणी असलेले दोष, आणि पूर्वी घडून स्मृतीत राहिलेले. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी दुसरा गट सोन्यासारखा. आत्ताची तपासणी १११ देते आणि स्मृती ६३४ देते, तेव्हा त्याचा सरळ अर्थ असा: चालक खरं बोलतोय, दोष येऊन गेलाय, आणि तो दांडीच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये कुठेतरी आहे.

‘सर्किटमध्ये कुठेतरी’ हे शब्द महत्त्वाचे. ६२१ आला म्हणून सोलेनॉइड बदलणारे पुष्कळ आहेत. पण कोड गल्ली सांगतो, घर सांगत नाही. त्या गल्लीत सोलेनॉइड आहे, त्याचा कनेक्टर आहे, गाडीच्या पोटाखालून जाणारी तार आहे, मधले जोड आहेत आणि संगणकाची पिन आहे. यातलं नेमकं काय, हे मोजूनच ठरतं.

ऊन, पाऊस, खड्डा, ओझं

जुन्या गाडीतल्या विजेच्या दोषाला जागं करणाऱ्या चार गोष्टी आहेत: उष्णता, ओलावा, थरथर आणि विजेचा भार. चालकाशी बोलताना चांगला मेकॅनिक याच चार गोष्टींभोवती प्रश्न फिरवतो. गाडी सुरू केल्यावर किती वेळानं होतं? पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर होतं का? खड्ड्यात आदळल्यावर, रिव्हर्स घेतल्यावर की वळणावर? हेडलाइट, एसी, ट्रेलरचे दिवे चालू होते का? त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा हलला का? गाडीत एक वही ठेवून प्रत्येक वेळी एवढंच टिपायला सांगितलं, तर चार-पाच नोंदींतच चित्र दिसू लागतं.

अर्ध्या-पाऊण तासानंतरच येणारा दोष उष्णतेचा. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो. सोलेनॉइडच्या गुंडाळीतली केसाएवढी चीर थंडीत टेकलेली राहते आणि तापल्यावर उघडते. म्हणून अशा गाडीची मोजणी सकाळी थंड असताना करून उपयोग नाही. ती फिरवून, तापवून लगेच करावी. मात्र तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो हे ध्यानात ठेवावं. ई४ओडीच्या गिअर सोलेनॉइडचा रोध गार असताना २० ते ३० ओहम असतो. गार असताना २५ ओहम दाखवणारी गुंडाळी ९० अंशांवर सुमारे ३२ दाखवेल. ती खराब नाही, फक्त गरम आहे. खराब गुंडाळीचा आकडा शेकड्यांत उडी मारतो किंवा मीटर अनंत दाखवतो.

खड्ड्यात, वळणावर किंवा इंजिन हलल्यावर येणारा दोष तारेचा आणि पिनेचा. अशा वेळी गाडी उभी करून, चाकांना लाकडी ठोकळे लावून, मीटर जोडलेला ठेवावा आणि तारांचा जुडगा हातभर-हातभर अंतरानं हलवत जावा. ईईसी-४ मध्ये यासाठी एक खास अवस्थाच आहे. इंजिन बंद, चावी चालू, तपासणीची तार जोडलेली. अशा वेळी ज्या जागी तार हलवल्यावर संकेत तुटतो, त्याच क्षणी संगणक इशारा देतो. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये या चाचणीइतकी स्वस्त आणि फलदायी चाचणी दुसरी क्वचितच असेल. तार कुठे घासते तेही आधी पाहावं: चासीच्या कडेला, गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला आणि जिथे कुणी पूर्वी दुरुस्ती करून पट्टी गुंडाळली आहे तिथे. स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या टोकाला ओव्हरड्राइव्हचं बटण असेल तर त्याच्या बारीक तारा दांडीबरोबर वाकून वाकून तुटतात, तिथेही नजर टाकावी.

दांडी कुठे आहे, हे ओहममध्ये

पाऊस आणि थरथर यांत नेमका काय फरक पडतो, हे पाहायला ई४ओडीच्या दांडीच्या सेन्सरसारखा दुसरा गुरू नाही. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला, बाहेर, चिखलपाण्याच्या माऱ्यात बसवलेला आहे. दांडी फिरवली की त्याच्या आत वेगवेगळे रोध जोडले जातात. ‘पी’वर सुमारे ४,१०० ओहम, ‘आर’वर १,४५०, ‘एन’वर ७३०, ‘डी’वर ४००, ‘२’वर २१० आणि ‘१’वर साधारण ८६. संगणक पाच व्होल्टच्या पुरवठ्यातून हे वाचतो, त्यामुळे त्याच्याकडे ४.४, ३.६, २.८, २.१, १.४ आणि ०.७ व्होल्ट अशा सहा पायऱ्या पोहोचतात. दोन पायऱ्यांमध्ये अंतर जेमतेम पाऊण व्होल्टाचं.

समजा गाडी ‘डी’मध्ये आहे आणि कनेक्टरमधली एक पिन सैल झाली आहे. खड्ड्यात तिथे ३३० ओहमचा जादा रोध आला. ४०० मध्ये ३३० मिळवले की ७३० होतात. संगणकाला वाटतं, गाडी न्यूट्रलमध्ये आहे. महामार्गावर भर वेगात असताना तो न्यूट्रलला साजेसे हुकूम देऊ लागतो.

आता उलटी बाजू घ्या. पिन घट्ट आहे, पण कनेक्टरचा रबरी सील फाटला आहे आणि आत पाणी शिरलं आहे. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा ते पाणी खारट असतं आणि बऱ्यापैकी वीज वाहून नेतं. पिनांच्या मधून गळणाऱ्या विजेला ४५० ओहमची वाट मिळाली, तर ती ४०० ओहमला समांतर जोडली जाते आणि एकत्रित रोध येतो २१० च्या आसपास. संगणकाला वाटतं, चालकानं दांडी ‘२’वर ओढली आहे. मग तो वरचे गिअर देणार कसा?

सैल पिन रोध वाढवते, पाणी तो घटवतं. एकाच सेन्सरचे दोन दोष उलट्या दिशांना जातात आणि वेगवेगळ्या हवामानात येतात. म्हणूनच ‘पाऊस होता का?’ हा प्रश्न निदानाचा अर्धा भाग असतो. या सेन्सरची आणखी दोन चिन्हं आहेत. गाडी ‘पी’मध्ये स्टार्ट करण्याची परवानगी आणि रिव्हर्सचे दिवे याच सेन्सरमधून जातात. स्टार्टर कधीकधी दांडी हलवल्यावरच फिरतो किंवा रिव्हर्सचे दिवे मिचमिचतात, तर संशय बळावतो.

मोजायला सुईचा जुना मीटर असेल तर उत्तम. डिजिटल मीटर सरासरी दाखवतो आणि क्षणाचा झटका त्याच्या आकड्यांत हरवतो. सुई मात्र दचकते. दांडी प्रत्येक जागी ठेवून कनेक्टर हळूच हलवावा आणि सुईकडे पाहत राहावं. सेन्सर आणि त्याचा कनेक्टर उघडल्यावर तांब्यावर हिरवट कळंक दिसला, तर सेन्सर नवा घालून जुना कनेक्टर ठेवणं म्हणजे अर्धीच दुरुस्ती. सेन्सर बसवताना दांडी ‘एन’वर ठेवून तो नेमका जुळवावा लागतो, हेही विसरू नये. किंचित तिरका बसला तर त्याच्या पायऱ्याच सरकतात.

मीटर कधी फसवतो?

‘व्होल्टेज पूर्ण बारा दाखवतोय, म्हणजे तार ठीक आहे.’ या एका समजुतीनं जितके चांगले सुटे भाग बदलले गेले असतील तितके दुसऱ्या कशानं नसतील. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. बारा व्होल्टवर त्यातून जाणारी वीज अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. समजा कनेक्टरमधल्या कळंकामुळे तिथे हजार ओहमचा रोध झाला आहे. इतक्या क्षीण प्रवाहाला तो अडथळा जाणवतच नाही आणि मीटर ऐटीत १२.० दाखवतो. पण सोलेनॉइडला हवा असतो सुमारे अर्धा अँपिअर. त्या हजार ओहमांतून त्याला मिळतो त्याचा चाळिसावा हिस्सा. झडप हलत नाही.

यावर उपाय साधा आहे. पार्किंगच्या दिव्याचा पाच वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ सोलेनॉइडइतकाच. गिअरबॉक्सवरचा कनेक्टर काढून, सामाईक पुरवठ्याच्या पिनेत आणि बॅटरीच्या ऋण टोकाला हा बल्ब जोडा आणि चावी चालू करा. झगझगीत लागला तर पुरवठा खरा. मंद लागला किंवा तार हलवताना मिचमिचला, तर दोष तुमच्या हाताखाली आहे. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावं: हा बल्ब फक्त बारा व्होल्टच्या पुरवठ्याच्या तारेवर वापरायचा. सेन्सरच्या पाच व्होल्टच्या तारा किंवा संगणकाची आउटपुट पिन यांना तो कधीही लावू नये, संगणक जळू शकतो.

सोलेनॉइडचा रोध मोजायचा तो संगणकाच्या टोकाकडून. संगणकाचा मोठा कनेक्टर सोडवून त्याच्या पिनांतून मोजलं की त्या आकड्यात सोलेनॉइडबरोबर सगळी तार आणि सगळे जोडही येतात. तिथे आकडा चुकला आणि गिअरबॉक्सजवळ बरोबर आला, तर दोष मधल्या तारेत. दोन्हीकडे चुकला, तर सोलेनॉइडमध्ये. गिअरबॉक्स न उघडता एवढं कळतं.

अर्थ, अल्टरनेटर आणि शेजारची सर्किटं

वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. बॅटरीचं ऋण टोक, इंजिनाचा ठोकळा, चासी आणि संगणक यांना जोडणारे जाड अर्थ वीस-तीस वर्षांत बोल्टखाली गंजतात. संगणक सगळे संकेत अर्थच्या आधारावर मोजतो. अर्थ अर्ध्या व्होल्टनं वर सरकला, तर पाऊण व्होल्टच्या पायऱ्या वाचणाऱ्या संगणकाची काय गत होईल, ते वर आलंच आहे. तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूवर ठेवून, हेडलाइट आणि पंखा चालू करून इंजिन चालवावं. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ काढून, घासून, घट्ट बसवणं हे पहिलं काम.

अल्टरनेटरच्या आतला डायोड बिघडला तर बॅटरीवर एकदिश विजेबरोबर उलटसुलट लहरीही येतात. मग टॉर्क कन्व्हर्टर विनाकारण लॉक होतो, सुटतो, पुन्हा लॉक होतो, आणि चालकाला गाडी थरथरल्यासारखी वाटते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर गिअरबॉक्सकडे वळण्याआधी अल्टरनेटर पाहावा.

आणखी तीन शेजारी गिअरबॉक्सला बदनाम करतात. पहिला, वेगाचा सेन्सर. या ट्रकांत तो मागच्या अॅक्सलवर असतो आणि त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडी कीस चिकटतो. गिअर बिनसला त्याच क्षणी स्पीडोमीटरचा काटाही खाली पडला, तर मागे जाऊन तो सेन्सर आणि त्याची तार पाहावी. दुसरा, ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. ब्रेक दाबला की कन्व्हर्टरचा लॉक सुटायला हवा. पण स्विच सैल असेल तर ब्रेक न दाबताही तो सुटतो. ट्रेलरच्या दिव्यांसाठी कुणी ब्रेकच्या तारेला चिमटा लावून जोड घेतला असेल, तर तिथून पाणी शिरून हाच त्रास होतो. तिसरा, थ्रॉटलचा सेन्सर. त्याचा संकेत पेडल हळूहळू दाबताना सुमारे एक व्होल्टपासून साडेचारपर्यंत अखंड चढायला हवा. मध्ये कुठे सुई गचकन खाली आली तर त्याच जागी गिअर चुकीचा पडणार.

दुरुस्ती आणि खात्री

दोष सापडला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे तो परत येणार नाही अशी दुरुस्ती. तारा पिळून वर पट्टी गुंडाळली, तर पुढच्या पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात नवा दोष तयार. कळंक चढलेली तार निरोगी तांबं दिसेपर्यंत कापावी. काळा पडलेला तांब्याचा धागा बाहेरून हिरवा नसला तरी आतून कमकुवत असतो. मग दाबून जोड करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेनं आक्रसणारी नळी चढवावी. कनेक्टर नवा घालावा, त्याचा रबरी सील जागच्या जागी आहे ना पाहावं आणि तार सायलेन्सरपासून दूर, हलणार नाही अशी बांधावी.

मग खात्री. जुने कोड टिपून घेऊन मगच पुसावेत आणि वहीत लिहिलेली परिस्थिती पुन्हा निर्माण करावी. दोष गरम झाल्यावर येत होता तर गाडी तासभर चालवून, ट्रेलर ओढताना येत होता तर ट्रेलर लावून, ओल्यात येत होता तर त्या कनेक्टरवर पाण्याचा हलका फवारा मारून. नुसतं गॅरेजभोवती चक्कर मारून ‘झाली दुरुस्त’ म्हणणं म्हणजे पहिल्याच दिवशीची चूक दुसऱ्यांदा करणं.

आपल्याकडे मालवाहू ट्रक अजूनही बहुतांश हातानं गिअर बदलणारे आहेत. पण ऑटोमॅटिक मोटारी आता गावोगावी पोहोचल्या आहेत, आणि कोकणातल्या दमट हवेत व पावसाच्या पाण्यात त्यांचे कनेक्टरही एक दिवस जुने होणार आहेत. पेटी कोणत्या कंपनीची आहे यावर आकडे बदलतील, तपासाची पद्धत बदलणार नाही.

म्हणून तुमच्या गाडीची गिअरबॉक्स अधूनमधून बिनसत असेल, तर मेकॅनिककडे जाताना बॅटरीची तार काढू नका आणि नोंदींची वही सोबत न्या. आणि कुणी गिअरबॉक्स खोलायचा सल्ला दिला, तर त्यांना आधी तीन गोष्टी विचारा: कोड कोणते निघाले, पुरवठा आणि अर्थ भार देऊन तपासले का, आणि दोष तुमच्या डोळ्यांसमोर एकदा तरी घडला का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.